कोकेनची तलफ आणि मेंदूतला ‘आनंद’

महोदय,

कोकेन, ॲम्फेटामिन, मेथ (मेथॲम्फेटामिन) अशा उत्तेजकांच्या व्यसनाविषयी बातमी आली, की तिच्यात दोनपैकी एक वाक्य हमखास असते. ‘गांजा ही पहिली पायरी’ हे जुने वाक्य. ‘गांजातल्या घटकाने कोकेनची तलफ थांबते’ हे अलीकडचे. दोन्ही लिहिणारे मेंदूतल्या एकाच यंत्रणेचा हवाला देतात आणि दोघांनाही हवा तेवढा पुरावा तिथे सापडतोही. म्हणून ही कॅनाबिनॉइड यंत्रणा, म्हणजे गांजातले घटक जिथे जाऊन चिकटतात ती मेंदूची स्वतःची यंत्रणा, मेंदूत नेमकी कुठे बसलेली असते, उत्तेजकांच्या व्यसनात कोणत्या टप्प्यावर तिची सत्ता चालते आणि कोणत्या टप्प्यावर चालत नाही, हे लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. काटछाट करायचीच झाली तर पुढचा इतिहासाचा परिच्छेद कापावा, उंदरांचा ठेवावा.

गांजातल्या टीएचसी या मुख्य घटकाची रचना १९६४ मध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. तो मेंदूत जाऊन चिकटतो कुठे, हे कळायला १९८८ उजाडले. ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवलेल्या त्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या रेणू पकडणाऱ्या जागेला, आज सीबी-१ म्हणतात. कुलूप घरचे आहे म्हणजे किल्लीही घरचीच असणार, या तर्काने शोध सुरू झाला आणि १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध रेणू वेगळा काढण्यात आला. शोधकांनी संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवले. १९९५ मध्ये २-एजी हा दुसरा रेणू मिळाला. नावलौकिक आनंदामाइडच्या वाट्याला आला. मेंदूत प्रमाणाने कितीतरी जास्त असते ते २-एजी, आणि बहुतेक सिनॅप्सवरची, म्हणजे दोन मेंदूपेशींमधल्या सांध्यांवरची, हमालीही तेच करते.

या रेणूंची चाल उलटी आहे. डोपामिन किंवा ग्लूटामेट हे निरोप पोचवणारे रसायन आधीच बनवून इवल्या पिशव्यांत भरून ठेवलेले असते आणि ते पाठवणाऱ्या पेशीकडून घेणाऱ्या पेशीकडे जाते. २-एजीचा साठा असा पिशव्यांत भरलेला नसतो. घेणारी पेशी जास्त उत्तेजित झाली, तिच्यात कॅल्शियम वाढले, की ती आपल्याच आवरणातल्या चरबीपासून ते तिथल्या तिथे बनवते. ते मागच्या दिशेने जाते, पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-१ ला लागते, त्या टोकात शिरणारे कॅल्शियम कमी होते आणि पुढचा माल सुटायचा मंदावतो. थोडक्यात, घेणारा पाठवणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणतो. हा निरोप बहुधा काही सेकंदच टिकतो, कारण २-एजी तोडणारे एमएजीएल हे एन्झाइम तिथे हजरच असते. आनंदामाइड तोडण्याचे काम एफएएएच नावाचे दुसरे एन्झाइम करते. मागे जाणाऱ्या या निरोपाची खात्री २००१ मध्ये स्वतंत्र प्रयोगशाळांतून पटली. एकेका सिनॅप्सपुरता, काही क्षणांपुरता आणि मागणीनुसार लागणारा हा लगाम आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच गोंधळ आपोआप सुटतात.

आता उत्तेजके. सुटलेले डोपामिन परत आत ओढून घेणारा एक पंप असतो. कोकेन त्या पंपाचे तोंड बंद करते. ॲम्फेटामिन आणि मेथ पंपातूनच आत शिरतात, आतल्या पिशव्या रित्या करतात आणि पंप उलटा फिरवून डोपामिन बाहेर लोटतात. या दोन्ही क्रियांत सीबी-१ चा थेट हात नाही. शिवाय मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींवर स्वतःवर सीबी-१ जवळपास नसतोच. तो असतो त्यांच्यावर येऊन टेकलेल्या टोकांवर: डोपामिन पेशीला दाबून ठेवणाऱ्या गाबा या रसायनाच्या टोकांवर आणि तिला चेतवणाऱ्या ग्लूटामेटच्या टोकांवरही. डोपामिन पेशी झपाट्याने ठिणग्या सोडू लागली, की तिच्यातून २-एजी निघते आणि गाबाची पकड सैल होते. म्हणजे लगामाला लगाम लागतो, आणि घोडा आणखी उधळतो. ‘कॅनाबिनॉइड मेंदू शांत करतात’ हे वाक्य इथेच अडखळते. कोणत्या टोकावरचा सीबी-१ चालू झाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात जाग्या रॅटच्या न्यूक्लियस अकम्बन्समध्ये, म्हणजे मेंदूतल्या बक्षीस आणि ओढ यांच्या केंद्रात, केसाहून बारीक कार्बनची तार ठेवून डोपामिन सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या अंतराने मोजले गेले. (मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगशाळेत रॅट आणि माऊस या वेगळ्या जाती आहेत, आणि पुढे हा फरक कामाला येणार आहे.) कोकेन दिल्यावर डोपामिनची पातळी चढते, हे अपेक्षित होते. पण तिच्यावर उंच, क्षणिक शिखरेही वारंवार उमटू लागतात. सीबी-१ अडवणारे रिमोनाबंट आधी दिले, तर ही शिखरे कमी होतात. उत्तेजकांच्या बाबतीत कॅनाबिनॉइड यंत्रणेचा शिरकाव होतो तो इथून. आणि ही शिखरे नुसत्या सुखाची नसतात. ‘हे लक्षात ठेव’ हा निरोपही त्यांतूनच जातो. हा दिवा, ही खोली, हा आवाज.

या दिव्याचे आणि आवाजाचे वजन प्रयोगात कसे तोलतात, ते पाहण्यासारखे आहे. रॅटच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवलेली असते. पेटीत एक दांडी असते. ती दाबली की दिवा लागतो, सूर वाजतो आणि नळीतून कोकेन जाते. एका दाबाला वजनाच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. रोज काही तास, असे दोन-तीन आठवडे. इथून पुढे तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि बातम्यांत ते एकाच हंड्यात ओतले जातात. पहिला प्रश्न: दर दाबाला कोकेन मिळत असताना उंदीर ते किती घेतो? सीबी-१ अडवल्यावर या आकड्यात बहुधा फारसा फरक पडत नाही. दुसरा: तो त्यासाठी किती कष्ट करील? प्रत्येक वेळी अट वाढवतात: १, २, ४, ६, ९, १२, १५, २०, २५, ३२ दाब, असे चढत जातात आणि उंदीर कोणत्या आकड्यावर नाद सोडतो ते टिपतात. सीबी-१ अडवला तर तो आधीच सोडतो. तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. कोकेन बंद करून, दांडी दाबण्याची सवय विझू देऊन, काही आठवड्यांनी त्याला चिथावले तर तो पुन्हा दांडीकडे धावतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर २००१ मध्ये आले. चिथावणी तीन प्रकारची होती: कोकेनचा एक छोटा डोस, कोकेनशी जोडलेला जुना संकेत, आणि पायाला बसणारा हलका विजेचा धक्का, म्हणजे ताण. रिमोनाबंटने पहिल्या दोन्ही चिथावण्या बऱ्याच बोथट केल्या. तिसरीवर त्याचा परिणाम झाला नाही. त्याच कामात एचयू-२१० हा टीएचसीपेक्षा कैक पटींनी तीव्र असा, सीबी-१ ला चेतवणारा रेणू दिल्यावर उंदीर कोकेन मिळत नसतानाही दांडीकडे परतले. दुसरीकडे २००४ मधल्या एका रॅटवरच्या प्रयोगात अल्प मात्रेतल्या टीएचसीने आणि सीबीडी या गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकानेही कोकेनशी जोडलेल्या जागेची ओढ लवकर विझायला मदत केली. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात, कारण रेणू वेगळे, मात्रा वेगळ्या आणि मोजलेली गोष्टही वेगळी. बातमीत मात्र दोन्हींचे मथळे ‘गांजा आणि कोकेन’ असेच होतात.

असाच घोळ सीबी-१ चा जनुक काढून टाकलेल्या माऊसच्या बाबतीत झाला. २००१ च्या एका कामात असे माऊस कोकेन घेतच राहिले, २००५ च्या कामात ते कोकेन मिळवायला शिकण्यातच कमी पडले. पहिल्यात जखडून ठेवलेल्या, कोकेन कधी न घेतलेल्या माऊसची एकाच बैठकीतली वर्तणूक पाहिली होती. दुसऱ्यात दिवसामागून दिवस शिकून, कष्ट करून मिळवणे पाहिले होते. आमचा निष्कर्ष असा: उत्तेजकाचा पहिला झटका सीबी-१ शिवायही बसतो. ज्यासाठी शिकावे, झटावे आणि सोडल्यावरही परतावे लागते, तिथे सीबी-१ ची गरज लागते.

व्यसन हा लगामही खिळखिळा करते. कोकेनचा एकच डोस दिल्यावर माऊसच्या न्यूक्लियस अकम्बन्समध्ये या यंत्रणेवर चालणारी एक दीर्घकाळची घट, म्हणजे सिनॅप्सचा आवाज खाली आणून ठेवण्याची क्षमता, नाहीशी झाल्याचे २००४ मध्ये दिसले. बिघाड सापडला तो एमग्लूआर-५ या ग्राहीत. तो पेशीच्या पृष्ठभागावरून कमी झाला होता. हा ग्राही कॅनाबिनॉइड बनवण्याच्या साखळीत सीबी-१ च्या अलीकडे असतो. मागणी नोंदवणारी घंटाच काढून नेली आहे, असे समजा. अशा वेळी बाहेरून टीएचसी ओतणे म्हणजे एका घराची घंटा बिघडली म्हणून सगळ्या वस्तीचे भोंगे वाजवणे. टीएचसी एका सिनॅप्सपुरते थांबत नाही, सेकंदांत तुटत नाही, तासन्‌तास रेंगाळते. वर रोजच्या गांजाने सीबी-१ ची संख्याही घटते. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूचे पीईटी स्कॅन (ग्राही मोजता येणारे चित्रण) २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सीबी-१ सुमारे २० टक्के कमी आढळला, आणि साधारण चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर तो पूर्ववत झाला. ही बातमी आशेची आहे, पण ती गांजा बंद केल्याची आहे.

मग सीबी-१ अडवणारे औषधच का देत नाहीत? दिले होते, लठ्ठपणासाठी. रिमोनाबंटला रोज २० मिलिग्रॅम या मात्रेत २००६ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. अमेरिकेत तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये विरोध केला. युरोपच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबवण्याची शिफारस केली, कारण नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार. औषध गोळीतून जाते तेव्हा ते फक्त कोकेनच्या संकेतांपुरते अडवत नाही. भीती विझवणारे, भूक आणि मनःस्थिती सांभाळणारे सीबी-१ सुद्धा बंद पडतात. त्यातही रिमोनाबंट नुसता अडसर नव्हता. सीबी-१ ची आपसूक चालणारी थोडीबहुत हालचालही तो उलट दिशेला ढकलत असे. उत्तेजक सोडलेल्या माणसाचे पहिले दिवस आधीच झोप, थकवा आणि काळोखी यांत जातात. त्याच्या हाती अशी गोळी देणे किती धोक्याचे, ते सांगायला नको. आणि ताणामुळे होणारी घसरण तर ती प्राण्यांतही अडवत नव्हती. केवळ अडवणारे, उलटे न ढकलणारे रेणू प्रयोगशाळांत आहेत, पण उत्तेजकांच्या व्यसनावर रुग्णांना लिहून देण्याजोगे त्यांतले एकही नाही.

उलट वाटही चाचपली गेली, म्हणजे एफएएएच बंद करून स्वतःचे आनंदामाइड वाढवायचे. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात अशाच एका रेणूच्या पहिल्या मानवी चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींना रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या तपासांत संशय आनंदामाइडवर न जाता त्या रेणूवर गेला. तो इतर एन्झाइमांनाही जाऊन भिडत होता. याच वर्गातले दुसरे रेणू माणसांत सुरक्षितपणे दिले गेले आहेत, त्यामुळे वाट बंद झालेली नाही. सीबी-२ हा दुसरा ग्राही पूर्वी केवळ रोगप्रतिकारक पेशींवर असतो असे मानत. २०११ मध्ये तो चेतवल्यावर माऊसनी कोकेन कमी घेतल्याचे दिसले. पण रॅटमध्ये हा परिणाम तसाच उमटत नाही. दोन उंदरांत जर जमत नसेल, तर माणसाविषयी मथळा करण्याची घाई कशाला?

सीबीडीबद्दल मात्र स्पष्ट लिहिता येते, कारण तिथे माणसांवरची नीट चाचणी आहे. मॉन्ट्रियलमध्ये कोकेनचे व्यसन असलेल्या ७८ जणांना रोज ८०० मिलिग्रॅम सीबीडी किंवा त्यासारखे दिसणारे निष्क्रिय औषध दिले. आधी रुग्णालयात काही दिवस, मग सुमारे १२ आठवडे बाहेर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ना तलफेत फरक, ना पुन्हा घेण्यात. तेलाच्या काही थेंबांतून मिळणारी मात्रा याच्या पासंगालाही पुरत नाही. जास्त मात्रेत सीबीडी यकृताची एन्झाइमे वाढवू शकते आणि फिट्सवरच्या क्लोबाझामसारख्या औषधांची रक्तातली पातळी बदलते. ‘नैसर्गिक आहे, घेऊन पाहायला काय जाते’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. नाव बदलून विकली जाणारी कृत्रिम कॅनाबिनॉइडे ही आणखी वेगळी चीज आहे. टीएचसी सीबी-१ ला अर्धवट चेतवते, ही पुरेपूर चेतवतात. फिट्स, भ्रम आणि हृदयाचे त्रास त्यामुळेच जास्त दिसतात. त्यांना गांजाच्या बातमीत घुसडू नये.

‘पहिली पायरी’वाल्यांसाठी फार जागा खर्च करत नाही. कोकेन घेणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी गांजा ओढलेला असतो, हे खरे. मात्र त्यांतल्या अनेकांनी त्याहीआधी तंबाखू आणि दारू घेतलेली असते, आणि गांजा ओढणारे बहुसंख्य लोक कोकेनपर्यंत जात नाहीत. किशोरवयातल्या रॅटना कृत्रिम कॅनाबिनॉइड दिल्यावर त्यांचा मेंदू कोकेनच्या पहिल्या डोसला वेगळा प्रतिसाद देतो, असे २०२० मधले काम सांगते. वयात येणाऱ्यांनी दूर राहावे, एवढे म्हणायला ते पुरेसे आहे. अटळ जिना म्हणून त्याचे चित्र काढणे हा अतिरेक.

त्यापेक्षा दोन्ही एकत्र घेण्याचा धोका बातम्यांत यायला हवा. कोकेन नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे स्वतःचाच शिरकाव थोडा मंदावते. गांजा आधी ओढलेला असेल तर कोकेनची रक्तातली पातळी जास्त चढते, असे १९९४ मध्ये स्वयंसेवकांत मोजले गेले. गांजाने त्या वाहिन्या सैल होतात, हे त्याचे संभाव्य कारण. दोघेही हृदयाचे ठोके वाढवतात. गांजाने ‘उतार पडतो’ असे वाटत असताना हृदयावर दुहेरी भार पडत असतो. छातीत दुखणे, अंग भट्टीसारखे तापणे, झटके, एका बाजूची ताकद जाणे, यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे. छातीदुखीवरची काही नेहमीची औषधे कोकेन घेतलेल्याला जपूनच द्यावी लागतात.

सध्या हाताशी काय आहे? उत्तेजकांच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने मंजूर केलेले एकही औषध नाही. मेथच्या व्यसनात नैराश्यावरचे बुप्रोपिऑन रोज ४५० मिलिग्रॅम आणि दर तीन आठवड्यांनी दारू-अफूच्या व्यसनावरच्या नाल्ट्रेक्सोनचे ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन अशी जोडी ४०३ जणांवर तपासली गेली. २०२१ मध्ये छापलेल्या निकालात १३.६ टक्क्यांना गुण आला, निष्क्रिय औषधावर २.५ टक्क्यांना. फरक खरा, पण तोकडा. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बक्षीस-पद्धतीचा. आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी, उत्तेजक न सापडल्यास तिथल्या तिथे छोटे बक्षीस, सलग शुद्ध नमुन्यांवर त्याची किंमत वाढत जाणार, घसरल्यास पुन्हा पहिल्या पायरीवर. दोन-तीनदाच का, तर कोकेन स्वतः तासाभरात निम्मे होते, पण त्याचा अवशेष लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडतो. तपासणी आठवड्यातून एकदाच ठेवली तर अधलीमधली घसरण सुटते. बक्षीस पुढच्या महिन्यावर ढकलले तरी पद्धत ढेपाळते. इथे सगळी मदार तात्काळपणावर आहे.

कालावधीविषयी एक गोष्ट राहिली. कोकेन बंद केलेल्या रॅटची संकेतांमागची धाव पहिल्या आठवड्यापेक्षा एक-दोन महिन्यांनी जास्त असते, हे २००१ मध्येच मोजले गेले आहे. माणसांतही २०१६ मध्ये ७६ जणांच्या मेंदूलहरी टिपल्या, कोकेन सोडल्यापासून दोन दिवसांचे ते वर्षभराचे. ‘तलफ किती वाटते?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर काळाबरोबर उतरत जात होते. कोकेनची चित्रे दाखवल्यावर उठणारी लहर मात्र एक ते सहा महिन्यांच्या टप्प्यात सर्वांत उंच होती आणि नंतर खाली आली. सीबी-१ ची सत्ता ज्या संकेतांवर चालते, ते माणूस ‘आता बरे वाटते’ म्हणत घरी परतलेला असतानाच सर्वांत जोरात ओढत असतात. तेव्हा नव्या औषधाची बातमी आली, मग ते गांजातले असो वा नसो, की आपल्या वार्ताहरांनी परिणाम कितव्या आठवड्यात मोजला ते आधी विचारावे. चार आठवड्यांवर थांबलेल्या चाचणीने हा चढ पुरता पाहिलेलाच नसतो.

कळावे,
आपले,
मेंदूविज्ञान आणि व्यसनोपचार या क्षेत्रांतले दोन वाचक